ससा, साप आणि आपला हात



प्रायश्चित्तकाळ आणि ऊसतोडणी ही दोन्ही आपल्या भागात बहुधा बरोबरच येतात. देवळात जांभळी वस्त्रे दिसू लागतात तेव्हा शिवारात कोयते चालू असतात. फड मोकळा होत जातो तसे उसाच्या आडोशाने राहिलेले जीव उघडे पडतात. उंदीर पळतात, मुंगूस पळते, एखादे रानमांजर पळते. ज्यांना पळता येत नाही ती पिल्ले मात्र जागच्या जागी राहतात आणि माणसाच्या हाती लागतात.

गेल्या पंधरवड्यात अशाच एका मोकळ्या झालेल्या फडाच्या बांधावरून आपल्या काही मुलांनी सशाची तीन पिल्ले उचलून आणली. ह्याच मुलांनी आठ दिवसांपूर्वी विहिरीजवळ धरलेली एक धामण पाण्याच्या निळ्या ड्रममध्ये ठेवली होती. दोन पिल्ले त्यांनी त्या ड्रममध्ये सोडली, वरून मोबाइल धरला आणि धामण कशी गिळते ते पाहायला बसली. तिसरे पिलू एका मुलाच्या लहान बहिणीने हट्टाने मागून घेतले. तिने त्याला खोक्यात चिंध्यांवर ठेवले आणि चमच्याने गाईचे दूध पाजले. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेले. ड्रममधली दोन्ही पिल्ले रात्रभर धामणीशेजारी अंगाचे मुटकुळे करून बसून राहिली. धामणीने त्यांना तोंडही लावले नाही.

सकाळी घरातल्या आजोबांनी ड्रममध्ये डोकावून पाहिले आणि गोष्ट गावभर झाली. वनखात्याला कळवून एका सर्पमित्राने धामण ओढ्याकडेला सोडली. पिल्ले दिवे लागणीच्या वेळी पुन्हा त्याच बांधावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तेथे नव्हती.

मुलांची नावे येथे लिहिण्याचे कारण नाही. ती स्वतःहून आमच्याकडे आली आणि त्यांनी सगळे सांगितले. पण नंतर मिस्साच्या अगोदर आणि मिस्साच्या नंतर, देवळाच्या ओट्यावर आणि चहाच्या टपरीवर, ह्या विषयावर जी चर्चा चालली ती आम्ही ऐकतो आहोत. तिच्यात तीन मते प्रामुख्याने आढळली. एक मत असे, की साप ससा खातोच, देवानेच त्याला तसा घडवला, मग पोरांचे चुकले काय? दुसरे मत असे, की तिन्ही पिल्ले घरी आणून वाढवायला हवी होती. आणि तिसरे मत असे, की एवढा गाजावाजा कशाला, ती धामणच पहिल्या दिवशी ठेचायला हवी होती. तिन्ही मते बोलणारी माणसे आपलीच आहेत, भाविक आहेत. म्हणून तिन्हींचा विचार आपण श्रद्धेच्या प्रकाशात करू या.

पहिला प्रश्न मुलांचा आहे आणि तो मुळीच पोरकट नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ह्याच प्रश्नावर कित्येक तास खर्ची पडतात. देव चांगला आहे, त्याने निर्मिलेले सर्व चांगले आहे, मग एका जिवाचे मरण हे दुसऱ्या जिवाचे जेवण का असावे? तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्विनस ह्यांनी ह्याला तोंड दिले. काही लोक असे मानत, की आदामाच्या पापापूर्वी सिंह आणि ससाणेदेखील गवत खात असावेत आणि माणसाने पाप केल्यावर ते मांस खाऊ लागले. संत थॉमस म्हणतात, हे पटण्यासारखे नाही. माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही. जो आज मांसावर जगतो तो आरंभापासून तसाच घडवलेला आहे. दुसऱ्या एका ठिकाणी ते म्हणतात, की जर कोणताच प्राणी मारला गेला नसता तर सिंह जगलाच नसता. देव सबंध सृष्टीचा सांभाळ करतो, आणि सबंध सृष्टीच्या सांभाळात एकाचे उणे हे दुसऱ्याचे भरण होते.

पवित्र शास्त्रही हे लपवून ठेवत नाही. स्तोत्र १०४ मध्ये रात्र होते आणि सिंहाचे छावे भक्ष्यासाठी गर्जना करतात. त्या गर्जनेला स्तोत्रकर्ता देवाकडे अन्न मागणे असे समजतो. ईयोबाच्या पुस्तकात देव ईयोबाला विचारतो, सिंहिणीसाठी शिकार तू शोधतोस काय, कावळ्याच्या उपाशी पिलांचे पोट तू भरतोस काय? तेव्हा मुलांनो, तुमच्या म्हणण्यातला पहिला भाग खरा आहे. धामण उंदीर खाते, बेडूक खाते, सापडले तर सशाचे पिलूही खाते, आणि त्यात तिचे काहीच पाप नाही. धामणीला पाप करता येत नाही.

पण तुमच्या म्हणण्याचा दुसरा भाग ह्यातून निघत नाही. साप ससा खातो म्हणून मी सशाला सापापुढे टाकतो, ह्या दोन वाक्यांच्या मध्ये एक हात आहे. त्या हाताला पाप करता येते, कारण त्या हाताला निवड करता येते.

शिवारात काय होते ते पाहा. रानसशीण बीळ करत नाही. गवतात किंवा ढेकळांच्या आडोशाला एक उथळ खळगा, तेच तिचे बाळंतघर. पण देवाने तिच्या पिलांना रिकाम्या हातांनी पाठवलेले नाही. पाळीव सशाची पिल्ले आंधळी आणि उघडी जन्मतात, तर रानसशाची पिल्ले अंगावर लव आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. त्यांचा रंग मातीचा आणि वाळल्या गवताचा असतो. धोका आला की न हलता दबून राहण्याची उपजत समज त्यांना असते. आई दिवसभर त्यांच्यापासून दूर राहते, म्हणजे कोल्ह्याला वा घारीला तिच्यामागून पिलांचा माग लागू नये. अंधार पडला की ती येते, थोडा वेळ पाजते आणि पुन्हा निघून जाते. दुसऱ्या बाजूला धामणीलाही तिचे दान मिळाले आहे. तिला वास घेणारी जीभ आहे, उंदराच्या बिळात शिरेल असे अंग आहे, चपळाई आहे. ह्या दोघांची गाठ पडते तेव्हा कधी ससा वाचतो, कधी साप जेवतो. दोघेही आपापले सर्व दान वापरून उतरलेले असतात.

ड्रममध्ये ह्यातले काय उरते? मातीचा रंग निळ्या प्लास्टिकवर लपत नाही. दबून राहणे म्हणजे तेथे केवळ वाट पाहणे. पळायला जागा नाही आणि आईला यायला वाट नाही. धामणीचेही तेच झाले. बंदिवासात घाबरलेला साप बहुधा खात नाही. त्याला लपायला आडोसा हवा, ऊब हवी, शांतता हवी. मुलांना वाटले होते, की आपण निसर्ग पाहणार आहोत. वस्तुतः रात्रभर त्या ड्रममध्ये तीन भेदरलेले जीव होते. सापाचे सापपण त्यात उरले नव्हते आणि सशाचे ससेपणही उरले नव्हते. निसर्ग ड्रमच्या बाहेर राहिला होता.

सापाला खाऊ घालणे हीच जर भूतदया म्हणावी, तर जाणकारांचे म्हणणेही ऐकावे. प्राणिसंग्रहालयांत सापांना सहसा आधीच मारलेले, स्वच्छ ठिकाणी वाढवलेले भक्ष्य देतात. रानातून धरून आणलेल्या प्राण्याच्या अंगावर गोचीड आणि पोटात जंत असू शकतात. शिवारातल्या उंदराने विष खाल्लेले असू शकते, आणि ते विष सापाच्याही पोटात जाते. जिवंत उंदीर कोंडलेल्या सापाला चावून जखमीही करतो. म्हणजे मुलांनी जे केले त्यात सापाचेही भले नव्हते. भले फक्त मोबाइलच्या चित्रफितीचे होते.

आपल्या देशाचा कायदाही हीच रेघ ओढतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा आणि साप दोघांनाही संरक्षण दिलेले आहे. त्यांना धरणे, कोंडणे, पाळणे हा गुन्हा आहे. आणि १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात तर असे स्पष्ट कलम आहे, की केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य बनवणे हा अपराध होय. कायदा धामणीला शिक्षा करत नाही. तो हाताला जाब विचारतो.

त्याच्याही कितीतरी आधी, मोशेच्या नियमशास्त्रात एक छोटासा नियम आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या प्रजेला सांगतो, की वाटेने जाताना झाडावर किंवा जमिनीवर पाखराचे घरटे आढळले आणि आई पिलांवर वा अंड्यांवर बसलेली असली, तर आईला पिलांसह धरू नये. आईला जाऊ द्यावे, म्हणजे तुझे कल्याण होईल आणि तू चिरायू होशील. बंधुभगिनींनो, हे अभिवचन आपण दुसरीकडे कोठे ऐकले आहे? आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेत. तेथेही हेच, कल्याण आणि दीर्घायुष्य. जे फळ आईबापांचा मान राखणाऱ्याला, तेच फळ घरट्यापाशी हात आखडून घेणाऱ्याला. आई आणि पिलू ह्यांच्यामध्ये जे आहे ते देवाने ठेवलेले आहे. माणसाला भूक असेल, गरज असेल, तरी त्याने तेथे एक मर्यादा पाळावी. मग जेथे भूकही नाही आणि गरजही नाही तेथे काय सांगावे?

आता दुसऱ्या मताकडे वळू. पिल्ले घरी आणून वाढवावीत असे म्हणणारे दयाळू आहेत, आणि दयेला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच विचार नाही. ज्या चिमुरडीने आपले पिलू मांडीवर घेतले तिच्या डोळ्यांतले पाणी खरे होते. पण त्या पिलाला मरण त्याच मांडीवर आले. गाईचे दूध सशाच्या पिलाला पचत नाही, त्याला हगवण लागते. माणसाच्या हाताळण्याची आणि घरातल्या आवाजांची त्याला विलक्षण भीती असते. मनापासून वाढवायला घेतलेली रानसशाची पिल्लेही फार करून जगत नाहीत. दयेला ज्ञानाची जोड हवी. प्रेम डोळस असावे लागते, आणि डोळस प्रेमाला पुष्कळदा लांबच थांबावे लागते.

सगळी चूक एका समजुतीतून होते. पिल्ले एकटी दिसली, आसपास आई दिसली नाही, म्हणजे आईने टाकली. बांधवांनो, आई दिसत नाही ह्याचा अर्थ आई नाही असा होत नाही. सशिणीचे दूर राहणे हीच तिची राखण आहे. माणसाचा हात लागला की आई पिलाला घेत नाही असेही म्हणतात, पण तेवढ्यावरून ती पिलांना टाकत नाही. आपल्याकडे उसात बिबट्याचे बछडे सापडतात तेव्हा वनखात्याचे लोक काय करतात ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. बछडे ज्या जागी सापडले त्याच जागी खोक्यात ठेवतात, माणसांना दूर करतात आणि रात्रीची वाट पाहतात. अंधार पडला की मादी येते आणि आपले बछडे तोंडात धरून घेऊन जाते. जुन्नरपासून आपल्या नगर जिल्ह्यापर्यंत असे कितीतरी वेळा घडले आहे. वाघरासारखे जनावर आपल्या लेकरासाठी माणसांच्या वस्तीपर्यंत येते. सशिणीचे हृदय त्याहून लहान असेल असे का समजावे?

येथे असिसीच्या संत फ्रान्सिस ह्यांची आठवण होते. १२२३ साली ग्रेच्चो ह्या गावी त्यांनी नाताळचा गोठा उभारला, तो आपण दर वर्षी आठवतो. त्याच ग्रेच्चोतली दुसरी एक गोष्ट त्यांचे पहिले चरित्रकार थॉमस चेलानो ह्यांनी लिहून ठेवली आहे. फासात सापडलेले सशाचे एक जिवंत पिलू एका धर्मबंधूने त्यांच्याकडे आणले. संतांनी त्याला भाऊ म्हणून हाक मारली, तू असा फसलास कसा म्हणून विचारले. ते पिलू त्यांच्या कुशीत शिरले. संतांनी आईच्या मायेने त्याला कुरवाळले आणि मग जमिनीवर सोडले, की त्याने जावे. पण ते पुन्हा पुन्हा कुशीत येई. शेवटी त्यांनी धर्मबंधूंना सांगितले, ह्याला जवळच्या रानात नेऊन सोडा.

ह्या गोष्टीतले कुरवाळणे सर्वांना आवडते, चित्रातही तेच काढतात. आम्हांला मात्र तिचा शेवट मोलाचा वाटतो. ससा स्वतः होऊन राहायला तयार होता. संत फ्रान्सिस ह्यांनी त्याला ठेवून घेतले असते तर कोणी बोट दाखवले नसते. तरी त्यांनी त्याला रानात पाठवले. त्या रानात कोल्हे होते, घारी होत्या, साप होते, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. पण रान हे देवाचे घर आहे, आणि त्या घरात सशाची जागा आहे, हेही त्यांना ठाऊक होते. प्रेम म्हणजे आपल्यापाशी ठेवणे नव्हे. ज्याचे त्याला त्याच्या जागी जगू देणे हे त्याहून मोठे प्रेम आहे. मुले मोठी करून दूरगावी पाठवणाऱ्या आईबापांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरे मत म्हणजे धामण ठेचण्याचे. साप दिसला की काठी, हा आपला जुना रिवाज, आणि आपण ख्रिस्ती त्याला उत्पत्तीच्या पुस्तकाचा आधारही देतो. मरियामातेच्या पायाखाली साप आहे ना, मग? बंधुभगिनींनो, मरियामातेच्या पायाखाली सैतान आहे. ती आपल्या ओढ्यातली धामण नव्हे. तोच साप मोशेने रानात पितळेचा करून खांबावर उंच केला, आणि प्रभू येशूने आपल्या क्रुसाची खूण म्हणून त्याच सापाचे नाव घेतले. आपल्या शिष्यांना पाठवताना त्याने त्यांना सापासारखे चतुर व्हायला सांगितले. प्रभूने ज्याचे नाव दृष्टान्तात घेतले त्याचा आपण नुसता दिसला म्हणून जीव घ्यावा काय?

भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे भारतात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी, आपल्यासारखी माणसे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्यांना ओळखावे, त्यांच्यापासून दूर राहावे, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे अथवा झाडपाल्याकडे एक घटकाही न दवडता सरकारी दवाखान्यात जावे, प्रतिविष तेथे मिळते. पण धामण बिनविषारी आहे. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही निव्वळ दंतकथा आहे. सापाच्या तोंडाची रचना दूध ओढून पिण्याची नाही. उंदीर मात्र ती खाते, आपल्या ज्वारीच्या कणग्या आणि गव्हाची पोती फोडणारे उंदीर. जो गडी फुकट राखण करतो त्याला मारून आपण विषाच्या पुड्या विकत आणतो.

आता ज्यासाठी हे सर्व लिहायला घेतले तेथे येतो. सशाची गोष्ट सशापाशी संपली असती तर आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात ती उरकली असती.

त्याच फडाच्या बांधावर, बाभळीच्या फांदीला, एक झोळी बांधलेली होती. ती आपण रोज पाहतो. ऊसतोडणीची बाई पहाटे तान्ह्या लेकराला पाजते, झोळीत घालते आणि कोयता घेऊन फडात शिरते. लेकरू दिवसभर झोळीत पडून असते. आई दिसत नाही. आपण रस्त्याने जाताना कोणी म्हणतो, कशी ही माणसे, पोरे अशी उन्हात टाकून जातात! बंधुभगिनींनो, तिने टाकलेले नाही. ती त्याच्यासाठीच फडात गेली आहे. सशिणीला देवाने शिकवले म्हणून ती दूर राहते. ह्या बाईला पोटाने आणि उचल घेतलेल्या पैशाने दूर ठेवले आहे. हा फरक आहे, आणि त्या फरकाचे उत्तर सशिणीला नव्हे, आपल्याला द्यायचे आहे.

आम्हांला काळजी वाटते ती त्या मोबाइलची. अकराव्या शतकातले महान तत्त्वचिंतक, कँटरबरीचे आर्चबिशप संत अॅन्सेल्म एकदा घोड्यावरून चालले होते. बरोबरच्या तरुणांचे कुत्रे एका सशामागे लागले. ससा धावत येऊन त्यांच्या घोड्याच्या पायांत दडला. कुत्र्यांनी घोड्याला वेढा घातला आणि ते तरुण हसू लागले. संत अॅन्सेल्म मात्र रडले. त्यांना त्या सशात मृत्युशय्येवरचा असहाय माणूस दिसला, ज्याला सैतानांनी घेरले आहे आणि ज्याला आसरा कोठेच सापडत नाही. त्यांनी कुत्र्यांना आवरायला लावले आणि ससा निसटून गेला. त्यांचे सोबती एडमर ह्यांनी ही घटना लिहून ठेवली आहे. एकच ससा, पाहणारे अनेक. काहींना हसू आले, एकाला रडू आले. फरक सशात नव्हता, डोळ्यांत होता.

संत थॉमस सांगतात, की जो प्राण्यांवर दया करायला शिकतो त्याला माणसांवर दया करणे सोपे जाते. ह्याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्या डोळ्यांना न हलणाऱ्या जिवाची भीती ही करमणूक वाटू लागते ते डोळे उद्या वर्गातल्या तोतऱ्या मुलाकडे, परवा झोळीतल्या लेकराकडे आणि पुढे घरातल्या म्हाताऱ्या आईकडेही त्याच नजरेने पाहतील. ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम म्हणतो, की प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधक आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली आपल्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात लिहिले, की प्रत्येक निर्मित जिवाला देवासमोर त्याचे स्वतःचे मोल आहे. आपल्याला त्याचा उपयोग किती, ह्यावर ते मोल ठरत नाही.

मुलांनो, तुमच्याविषयी आम्ही निराश नाही. तुम्ही आपण होऊन आलात आणि खरे बोललात. ज्या हातांनी ती पिल्ले उचलली त्याच हातांनी ती संध्याकाळी बांधावर नेऊन ठेवली, ह्याची देवाच्या दरबारी नोंद झाली आहे.

प्रायश्चित्तकाळात ख्रिस्तसभा आपल्याला उपवास, प्रार्थना आणि दानधर्म सांगते. उपवास केवळ पोटाचा नसतो, हाताचाही असतो. ह्या तोडणीच्या दिवसांत पिलू दिसले तर हात आवरावा, कुत्री बांधून ठेवावीत, आणि फडाच्या कडेचा एखादा कोपरा शेवटी तोडावा म्हणजे लपलेल्या जिवांना निघायला वाट मिळेल. पिलू जखमी असेल तर वनखात्याला कळवावे. साप दिसल्यास दुरून पाहावे, जाऊ द्यावे, आणि घरात शिरला असल्यास सर्पमित्राला बोलवावे.

दानधर्मासाठी आमची एक विनंती आहे. तोडणीवाल्यांची कुटुंबे कोपींत जमिनीवर निजतात. मण्यार रात्री फिरते आणि निजलेल्या माणसाला चावते, पुष्कळदा त्याला कळतही नाही. जमिनीपासून उंच अंथरूण आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने कित्येक जीव वाचतात. ज्यांच्या घरी जुनी पण धड बाज आहे त्यांनी ती द्यावी. ज्यांना शक्य आहे त्यांनी एक मच्छरदाणी किंवा एक बॅटरी द्यावी. पुढील रविवारी मिस्सानंतर सर्व वस्तू देवळाच्या ओट्यावर जमा होतील आणि आपले युवक त्या कोपींवर पोहोचवतील. ज्या मुलांविषयी वर लिहिले त्यांनी ह्या कामासाठी आपली नावे सर्वांत आधी दिली आहेत.

संत मार्क आपल्या शुभवर्तमानात प्रभूच्या चाळीस दिवसांविषयी फार थोडे लिहितो. पण इतर कोणी न सांगितलेली एक गोष्ट तो सांगतो, की येशू रानात वनपशूंबरोबर होता. त्याने त्यांना धरले नाही, त्यांना मारले नाही, त्यांचा खेळ केला नाही. तो त्यांच्याबरोबर होता. यशया संदेष्ट्याने ज्या दिवसाचे स्वप्न पाहिले, की तान्हे मूल नागाच्या बिळापाशी निर्धास्त खेळेल, तो दिवस आणणे आपल्या हाती नाही, तो प्रभू आणील. तोवर तान्ह्या मुलाला बाजेवर निजवणे आणि नागाला त्याच्या बिळात राहू देणे एवढे आपल्या हाती आहे. तेवढे आपण करू या.

सिंहाच्या छाव्यांना आणि कावळ्याच्या पिलांना अन्न देणारा प्रभू आपल्या घरांना, शिवारांना आणि कोपींतल्या लेकरांना सांभाळो. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू